गायरान, गारपीट आणि तापमानवाढ : दादासाहेबांच्या जिल्ह्यातून काही प्रश्न

जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला की आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांचे लक्ष उडते. अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, आरक्षण, खाजगीकरण हे आपले प्रश्न, आणि हिमनद्या, अस्वले, झाडे यांची काळजी ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी करावी, असा एक समज आपल्यात रुजला आहे. हा समज उगाच तयार झालेला नाही. पर्यावरणावर बोलायला जी मंडळी वर्षानुवर्षे आपल्यासमोर आली, त्यांतल्या अनेकांनी आपल्याला खेड्याकडे चला म्हणून सांगितले, आणि त्या खेड्यात आपली वस्ती गावकुसाबाहेर का होती याबद्दल चकार शब्द काढला नाही. जुने खेडे कसे निसर्गाशी एकरूप होते याची वर्णने ऐकताना आमच्या आज्यांना आठवायची ती विहीर, जिच्यावर घागर घेऊन त्यांना तासन्‌तास कुणाच्या तरी दयेची वाट पाहावी लागे. अशा पर्यावरणवादाकडे आपण पाठ फिरवली ते योग्यच केले.

पण त्या मंडळींकडे पाठ फिरवताना आपण प्रश्नाकडेही पाठ फिरवली. आम्हीही त्यात होतो. आज आमचे म्हणणे असे आहे की तापमानवाढीचे कारण, तिचे नुकसान आणि तिच्यावरचे उपाय या तिन्हींचा हिशेब शेवटी जमिनीच्या मालकीवर होतो, आणि सातबाऱ्यावर आपले नाव नाही. हे समजून घ्यायला ध्रुवप्रदेशात जाण्याची गरज नाही, नाशिक जिल्हा पुरेसा आहे.

सुरुवात त्रिरश्मीपासून करू. नाशिकला आलेला आपला माणूस लेणी चढल्याशिवाय परत जात नाही. (ज्यांनी या बुद्धलेण्यांना पांडवांचे नाव चिकटवले त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.) बहुतेक जण चैत्यगृह पाहतात, मूर्तींसमोर हात जोडतात, फोटो काढतात आणि उतरतात. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे फार कुणी पाहत नाही. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. गोवर्धनाजवळच्या त्रिरश्मी पर्वतावर आपण हे लेणे करवले आणि पाण्याच्या पोढ्या करवल्या, असे तो नोंदवतो. पोढी म्हणजे टाके. चार महिन्यांच्या पावसाचे पाणी आठ महिने भिक्खूसंघाला पुरावे, अशी ती व्यवस्था. ज्या संघात न्हाव्याच्या कुळातला उपाली होता, भंगी कामातून आलेला सुनीत होता, त्या संघात पाण्याला जात नव्हती.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण स्वीकारले तेही पाण्याशी निगडित आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राला अचानक वैराग्य आले, ही परंपरागत कथा त्यांना पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. संघ युद्धाच्या बाजूने गेला, सिद्धार्थ विरोधात उभा राहिला आणि त्याला घर सोडावे लागले. म्हणजे आपल्या धम्माच्या आरंभालाच, पाणी कुणाचे आणि ते वाटायचे कसे, हा प्रश्न उभा आहे. चवदार तळे त्यानंतर अडीच हजार वर्षांनी आले.

आता विज्ञान थोडक्यात पाहू, कारण ते सोपे आहे आणि त्यावर वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडवतो. १८९६ मध्ये स्वीडनच्या अर्‍हेनियसने कागदावर आकडेमोड करून दाखवले की हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंगने हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे वर्ष कारखानदारीपूर्व काळाच्या तुलनेत साधारण दीड अंशाने जास्त उष्ण होते. तापलेला समुद्र जास्त वाफ सोडतो, तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, आणि मग पाऊस येतो तो कोसळतो, नाही येत तो येतच नाही.

हा धूर कुणी सोडला? आजवर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या घरातला. आजही एक अमेरिकन माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि भारतीय माणूस सरासरी दोन टन. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये भारत सरकार हाच आकडा पुढे करते, आणि तो खराच आहे. पण 'सरासरी भारतीय' हा कोण असतो? मुंबईतला उद्योगपती आणि सुरगाण्याची लाकूडफाटा वेचणारी बाई यांची बेरीज करून दोनाने भागले की तो तयार होतो. गरिबांच्या कमी धुराच्या आडोशाला देशातल्या श्रीमंतांचा धूर लपवला जातो, हा मुद्दा ग्रीनपीस इंडियाने २००७ च्या अहवालात मांडला होता. आपल्याला तो नवीन वाटू नये. वरचा खालच्याच्या नावावर सवलत मागतो आणि खालच्याला ती देत नाही, ही श्रेणीबद्ध विषमतेची रीतच आहे. पॅरिसला जाऊन भारत न्याय मागतो. तोच न्याय भारतात कुणी मागितला तर तो विकासविरोधी ठरतो.

इथे आपल्या बाजूची एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बाबासाहेब विजेच्या आणि कारखान्यांच्या बाजूचे होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दामोदर खोऱ्याची परिषद, त्याच वर्षी कटकला महानदीची परिषद, केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगाची स्थापना, ही सगळी त्यांची कामे. स्वस्त विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय या देशातल्या दारिद्र्यातून सुटका नाही, असे त्यांचे ठाम मत होते. आणि ते बरोबर होते. नाशिकरोडचे नोटांचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना, रेल्वे, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र यांनी आपल्या दोन पिढ्यांना पाटलाच्या ओट्यावरून उठवून पगाराच्या रांगेत उभे केले. एकलहऱ्याची चिमणी धूर ओकते हे खरे, पण त्या चिमणीखाली राखीव जागेवर लागलेल्या माणसाच्या मुलीने पदवी घेतली हेही खरेच आहे. म्हणून 'विकास नको, निसर्ग हवा' अशा घोषणा देणाऱ्यांच्या मागे आपण जाणार नाही. आपला प्रश्न वेगळा आहे : या विकासाचा धूर आणि त्याची राख कुणाच्या वाट्याला, आणि उद्या चिमणी बंद झाली तर तिच्या जागी जे येईल त्यात आपण कुठे?

नुकसानीच्या हिशेबासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७६-७८ चा दुष्काळ प्रशांत महासागरातल्या एल निनोमुळे पडला, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण पाऊस न पडण्याने माणसे मरत नाहीत, माणसे मरतात धान्य विकत घ्यायला पैसे नसल्याने. त्या वेळी देशाबाहेर धान्य जातच होते, आणि सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी करून सरकारी खर्च वाचवत होता. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालवले आणि सावित्रीमाई त्या वर्षी जुन्नरच्या भागात दुष्काळी कामात होत्या. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण करताना जोतीरावांनी जी कारणे नोंदवली त्यात एक कारण आजही वाचण्यासारखे आहे. सरकारच्या जंगल खात्याने डोंगर आणि गायराने आपल्याकडे ओढून घेतली, त्यामुळे गरिबाला गुरे चारायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. पाणी अडवण्यासाठी ताली आणि बंधारे बांधावेत ही सूचनाही त्याच ग्रंथात आहे. दीडशे वर्षांपूर्वी पाणलोट विकासाबद्दल लिहिणारा हा माणूस आपल्या पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतो.

पुढचा मोठा दुष्काळ १९७२ चा. नाशिक जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही सुकडी आणि खडीकाम आठवते. या दुष्काळाने रोजगार हमी दिली, हे सगळे सांगतात. मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला दोन दलित स्त्रियांना विहिरीवर पाणी घेतल्याबद्दल मारहाण करून त्यांची नग्न धिंड काढण्यात आली, हे सांगायचे राहून जाते. दलित पँथर उभी राहिली ती या आणि अशा घटनांच्या संतापातून. पँथरचा जन्म आपण साहित्याच्या आणि राजकारणाच्या इतिहासात शिकवतो. तो दुष्काळाच्या इतिहासातही शिकवला पाहिजे, कारण पाणी आटत जाते तसतशी जात वर येते. भरल्या विहिरीवर जी शिवाशिव डोळ्याआड होते, ती आटलेल्या विहिरीवर काठी घेऊन उभी राहते. तापमानवाढीने दुष्काळ वाढणार असे शास्त्रज्ञ सांगतात तेव्हा आपण त्याचा अर्थ एवढाच लावायचा का, की पीक कमी येईल?

आता दादासाहेबांकडे येऊ. भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १९०२ मध्ये दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे ओझे पुढची पाच वर्षे मुख्यतः त्यांच्या खांद्यावर राहिले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्या सत्याग्रहाचा शेवट कसा झाला तेही पाठ आहे. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना कळवले की आता देवळाच्या दारात ताकद घालवू नका, शिक्षणावर आणि राजकारणावर लावा. १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, धर्मांतराची घोषणा झाली. पण दादासाहेबांच्या आयुष्याचा जो भाग आपण जयंतीच्या भाषणात दोन वाक्यांत उरकतो, तो त्यापुढचा आहे. देवळाच्या दारातून उठलेला हा माणूस जमिनीवर गेला. १९५९ मध्ये नाशिक, खानदेश, मराठवाडा इथे भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक, गायरान आणि वनखात्याच्या ताब्यातली लागवडीयोग्य जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी. माणसे बायकापोरांसह तुरुंगात गेली. मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तुरुंग अपुरे पडले.

त्या वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे दिलेल्या मागणीपत्रात एक मागणी अशी होती की संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. दुसरी होती, पडीक जमीन भूमिहीनांना वाटावी. तैलचित्र १९९० मध्ये लागले. आपण त्याचा आनंद साजरा केला, करायलाच हवा होता. त्याच कागदावरच्या दुसऱ्या मागणीचे काय झाले, हे विचारायला आपण विसरलो.

अगदीच काही झाले नाही असे नाही. सरकारी जमिनीवरची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय झाले. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे धरली गेली. ती तारीख का निवडली हे आपल्या वाचकाला सांगायला नको. मराठवाड्यात आणि इतरत्र हजारो कुटुंबांनी गायरान कसून दाखवले, दगड वेचले, बांध घातले, पीक काढले. अनेकांच्या हातात आजही दंडाच्या पावत्यांखेरीज काही नाही. २०११ हे वर्ष यासाठी लक्षात ठेवा. त्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टे दिले असतील तर तो अपवाद मानावा, असेही त्याच निकालात आहे. जुलैत महाराष्ट्र शासनाने गायरान वाटपावर बंदी घालणारा निर्णय काढला. आदेश सगळ्यांच्या तोंडी, अपवाद मात्र कुणाच्या ओठावर नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय आला, राज्यात दोन लाख बावीस हजारांवर अतिक्रमणे असल्याचा आकडा पुढे आला, आणि गावोगाव नोटिसा निघाल्या.

वाचक म्हणेल, तापमानवाढीच्या लेखात गायरान कशाला? त्याचे उत्तर द्राक्षबागेत आहे.

दादासाहेबांचा दिंडोरी तालुका आणि शेजारचा निफाड ही आज द्राक्षाची राजधानी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या छाटणीला, विरळणीला, डिपिंगला, काढणीला इथे उतरतात. गावोगावच्या बौद्धवाड्यांतल्या बायाही याच कामावर. आता पाऊस आपला महिना पाळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड परिसरात अवकाळी पाऊस आणि गारांनी उभ्या बागा झोडपल्या. दुसऱ्या दिवशी मंत्री येतात, चिखलात उभे राहून फोटो निघतात, तलाठी पंचनामा करतो. पंचनाम्यात गट नंबर, क्षेत्र, पिकाचे नाव, नुकसानीची टक्केवारी हे सगळे येते, आणि मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जमा होते. ती पुरेशी नसते, उशिरा येते, शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज तसेच राहते. त्याचे दुःख आम्ही नाकारत नाही. पण त्या बागेत पुढचे तीन महिने ज्या बाईला काम मिळणार होते, तिचे बुडालेले दिवस पंचनाम्यात कुठल्या रकान्यात येतात? येतच नाहीत. वाट्याने किंवा तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्याचेही तेच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेतीवर जगणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर आहेत. म्हणजे गार पडते तेव्हा आपल्यातल्या बहुसंख्यांचे नुकसान होते आणि कागदोपत्री एका रुपयाचेही झालेले नसते.

पाण्याचे असेच आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. तिथले पाणी वैतरणेतून मुंबईला जाते, दारणा-गंगापूरमधून शहराला, कालव्यांना आणि कारखान्यांना जाते. पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नरचा पट्टा पाचशे-सहाशे मिलिमीटरवर जगतो. कमी पावसाच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना रंगतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपावर वकील घसा फोडतात. समन्यायी हा शब्द चांगला आहे. पण वादात दोन्हीकडे उभे असतात ते बागाईतदार. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा पाण्यावर काही हक्क असतो, हे या भांडणात कुणाच्या गावीच नसते.

आणि शहर? नाशिकचा माणूस गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. गुडघ्यापर्यंत आले, छातीपर्यंत आले, डोक्यावरून गेले. २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे मोजमाप पुन्हा पुन्हा झाले. पूल गर्दीने फुलतात, मोबाइलवर चित्रीकरण होते. गोदावरीच्या, नासर्डीच्या, वालदेवीच्या कडेला जी पत्र्याची घरे आहेत तिथला माणूस मारुतीकडे पाहत नाही, तो पोरांची दप्तरे आणि रेशनकार्ड माळ्यावर टाकत असतो. हीच घरे उन्हाळ्यात भट्टी होतात. पत्र्याखाली रात्रभर तडफडून पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर येणारा सफाई कामगार कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्याला माहीत आहे. वातानुकूलित खोलीतला माणूस खोली गार करतो आणि गरम हवा बाहेर सोडतो. ती याच्या वाट्याला येते.

आता उपायांकडे येऊ. खरा धोका आम्हाला इथेच दिसतो. कोळसा सोडून सूर्याकडे वळले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण सूर्याच्या विजेला जागा लागते. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॅटचे. खाजगी जमीन भाड्याने घेतली तर जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते, आणि दरवर्षी ते वाढते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. सरकारी जमीन म्हणजे गावात कोणती? बहुतेक ठिकाणी गायरान. आणि ही वीज कशासाठी? शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून.

हा व्यवहार नीट पाहा. ज्या गायरानावर भूमिहीनांचा साठ वर्षांचा दावा आहे, ज्यासाठी दादासाहेबांनी माणसे तुरुंगात नेली, ज्याच्या वाटपावर २०११ पासून बंदी आहे, ते गायरान प्रकल्पासाठी मोकळे होते, आणि त्यातून निघणारी वीज ज्याच्याकडे विहीर, पंप आणि शेत आहे त्याच्या बांधावर जाते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. रात्री साप-विंचवांत पाणी भरायला तो जातो, आणि खूपदा त्याच्याऐवजी त्याचा मजूरच जातो. आमचा आक्षेप विजेला नाही. ज्याने धूर सोडला नाही, ज्याच्याकडे पंप नाही, त्याच्याच पायाखालची जमीन काढून पृथ्वी वाचवायची, या हिशेबाला आहे.

नोकऱ्यांचाही असाच हिशेब आहे. एकलहऱ्याचे केंद्र सरकारी कंपनीचे. तिथे बिंदुनामावली आहे, अनुशेष मागता येतो. सौर प्रकल्प बहुतांश खाजगी ठेकेदारांचे. तिथे ना आरक्षण, ना कायम नोकरी. पॅनल पुसायला आणि रखवालीला दोन माणसे ठेकेदार रोजंदारीवर ठेवतो. कोळशाकडून सूर्याकडे जाण्याचा हा रस्ता सार्वजनिक क्षेत्राकडून खाजगी क्षेत्राकडे जाणारा रस्ताही आहे, आणि खाजगीकरणाविरुद्ध बोलणारे आपले लोक हे बघत नाहीत, कारण त्यावर पर्यावरणाची पाटी लावलेली आहे.

तर मग मागायचे काय? आदर्श शोधायला परदेशात जायला नको. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तिचे सूत्र असे होते की पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणात लोकांनी १९८० च्या दशकात भूमिहीनांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. जे पाण्याबाबत करता आले ते सूर्यप्रकाशाबाबत का करता येऊ नये? गायरानावर सौर प्रकल्प करायचाच असेल तर तो गावातल्या भूमिहीनांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा असू द्या. वीज वितरण कंपनीने त्यांच्याकडून विकत घ्यावी, आणि जे भाडे खाजगी जमीनमालकाला मिळते ते त्यांना मिळावे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात जमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता गावकऱ्यांनी ती सामुदायिकपणे कसावी, अशी मांडणी केली होती. ती अमलात आली नाही. सौर ऊर्जेच्या निमित्ताने गायरानापुरती तरी ती मागण्याची संधी आहे.

पंचनाम्यात मजुराच्या बुडालेल्या दिवसांचा रकाना हवा. त्यासाठी रोजगार हमीच्या हजेरीपटाचा आधार घेता येतो, यंत्रणा आधीपासून आहे. दुपारच्या उन्हात सफाई कामगार, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार यांचे काम थांबले तर त्या तासांचा पगार कुणी द्यायचा, हे कायद्याने ठरले पाहिजे. 'उन्हात बाहेर पडू नका' ही सूचना ज्यांना पगारी रजा मिळते त्यांच्यासाठी लिहिलेली असते.

काही महिन्यांपूर्वी कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडे तोडायला निघाले, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. चांगले केले. आम्हीही झाडाच्या बाजूने आहोत. पण त्याच नाशिक जिल्ह्यात गायरानाच्या नोटिसा निघाल्या तेव्हा त्या गर्दीतले किती चेहरे तहसील कचेरीसमोर दिसले, हा प्रश्न विचारला तर त्यांनी रागावू नये. आणि आपणही आपल्याला विचारावे की तपोवनात निळा झेंडा किती दिसला.

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या मित्रमंडळाने एक साधे काम हाती घेतले आहे. आपापल्या गावचे गायरानाचे गट नंबर काढायचे, तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार घ्यायचे, ती जमीन कुणाच्या ताब्यात आहे, किती वर्षांपासून, आणि सौर प्रकल्पासाठी तिचा ठराव ग्रामसभेत झाला आहे का, हे वहीत लिहायचे. एका गावात ठराव झाल्याचे बौद्धवाड्यात कुणालाच ठाऊक नव्हते. इतिवृत्तात मात्र तिथल्या तिघांच्या सह्या होत्या, आणि त्यांतला एक माणूस त्या दिवशी ऊसतोडीवर होता. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. उत्तराची मुदत संपली, पहिले अपील तयार आहे. ज्यांना आपल्या गावाची वही करायची असेल त्यांनी सुरुवात गट नंबरापासून करावी. तलाठी 'ऑनलाइन बघा' म्हणेल. ऑनलाइन बघाच, पण जुना हस्तलिखित फेरफारही मागा, १९९० पूर्वीचा ताबा त्यातच सापडतो.